'इज नीडेड' आणि तात्यांचा प्रश्न

इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काही वाक्ये अशी असतात, की ती तो शेकडो वेळा फळ्यावर लिहितो आणि एकदाही वाचीत नाही. आमच्या बाबतीत हे दोन शब्दांचे आहे : 'इज नीडेड'. कर्तरीचे कर्मणी करा, या प्रश्नासाठी आम्ही ते वर्षानुवर्षे वापरीत आलो. डावीकडे 'सरकारला ही जमीन हवी आहे' या अर्थाचे कर्तरी वाक्य लिहायचे, उजवीकडे 'धिस लँड इज नीडेड' एवढे लिहून थांबायचे, आणि मुलांना विचारायचे, 'बाय'चे काय झाले? पहिल्या बाकावरचे एखादे तयार पोर सांगे, की कर्ता उघड असेल, अज्ञात असेल किंवा महत्त्वाचा नसेल तर 'बाय' आणि त्यापुढचा शब्द गाळला तरी चालते. आम्ही 'शाबास' म्हणून पुढच्या वाक्याकडे वळत असू. उघड असणे, अज्ञात असणे आणि महत्त्वाचे नसणे या तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि व्याकरणाच्या नियमाने त्यांना एकाच कंसात बसविले आहे, हे आमच्या ध्यानात यायला २००७ चा पावसाळा उजाडावा लागला. आणि ते ध्यानात आणून देणारी व्यक्ती सातवीच्या पुढे शिकलेली नव्हती.

आमचे मूळ गाव टाकवे बुद्रुक. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने कान्हे स्थानकावर उतरावे, फाट्यावरून उत्तरेला वळावे, इंद्रायणी ओलांडावी, की टाकवे येते. हे आंदर मावळाचे तोंड. पुढे रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो आणि ठोकरवाडीच्या जलाशयापाशी जातो. 'बुद्रुक' हा फार्सी 'बुजुर्ग'चा मराठी अवतार, म्हणजे थोरले. धाकट्या गावाला 'खुर्द' म्हणायचे. गावात थोरलेपणाची खूण म्हणून आता कारखान्यांच्या शेड आहेत. आमच्या लहानपणी मात्र सगळी भातखाचरेच होती, आणि आमच्या दृष्टीने गावातले थोरले म्हणजे आमचे चुलते, तात्या.

त्या आषाढात आवणी संपवून तात्या पुण्याला आमच्याकडे आले. पिशवीत इंद्रायणी तांदूळ होता आणि सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद. चावडीवर नोटीस लागली होती, तिची ही प्रत. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी काही गटांतून काही गुंठे जमीन संपादित होणार होती, त्यांत आमचाही गट होता. तात्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "मास्तर, ह्ये काय लिवलंय ते जरा मराठीत सांग."

कागद मराठीतच होता.

वाचून आम्हांला प्रथम वाटले ते एवढेच, की हे आपल्याला पाठ आहे. सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन आवश्यक आहे किंवा आवश्यक असण्याचा संभव आहे, असे दिसून येत असल्याने, वगैरे. मराठी शब्दांच्या खालून १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे चौथे कलम स्वच्छ दिसत होते. त्या कलमाची घडण मोठी पाहण्यासारखी आहे. एखाद्या ठिकाणची जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी 'इज नीडेड', अथवा तशी ती लागण्याचा संभव आहे, असे जेव्हा सरकारला दिसून येईल, तेव्हा तशी अधिसूचना प्रसिद्ध केली जाईल. वाचकांनी या वाक्यातले सरकार कुठे बसले आहे ते पाहावे. सरकार वाक्यात आहे. परंतु ते गरजवंत म्हणून नाही, साक्षीदार म्हणून आहे. सरकारला फक्त दिसते. काय दिसते? तर जमिनीची गरज आहे, हे. ती गरज कोणाची, हे सांगणारा शब्द वाक्यात नाही. पाऊस पडतो आहे हे जसे खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला दिसावे, तशी ही गरज आपोआप आकाशातून पडत असते आणि सरकार ती खिडकीतून पाहत असते.

हे सारे आज सुचते आहे. त्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो, "तात्या, आपली थोडी जमीन लागणार आहे."

"कुनाला?"

प्रश्न इतका साधा होता, की आम्ही क्षणभर गोंधळलो. "सरकारला," आम्ही म्हणालो.

"सरकार भात लावनार हाय का?"

"तसं नव्हे. रस्त्याला लागणार आहे."

"रस्ता काय आपल्या दारात मागाय आला व्हता?" तात्या हसले. मग गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, मी अडवीत न्हाई. रस्ता पायजे, ते मलाबी कळतंय. मी इचारतोय ते येवढंच, की कुनाला पायजे ते ह्या कागदात का न्हाई?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तात्या रात्रीच्या लोकलने परत गेल्यावर आम्ही त्यावर बराच काळ विचार करीत बसलो, आणि हळूहळू कळू लागले, की तात्यांचा प्रश्न हा त्यांच्या मराठीने विचारलेला प्रश्न होता.

मराठीत गरज सांगायची तर माणूस चतुर्थीत येतो. मला भूक लागते, तुला पैसे लागतात, तिला पुस्तक हवे असते, आजोबांना काठी पाहिजे असते. या क्रियापदांची जागा मांडून ठेवलेल्या पाटासारखी असते. पाटावर कोणी बसले नाही तर तो रिकामा आहे हे पंगतीतल्या साऱ्यांना दिसते. 'जमीन लागणार आहे' असे म्हटले, की ऐकणारा तो रिकामा पाट पाहतो आणि विचारतो, कुणाला? इंग्रजीतल्या 'इज नीडेड'चे तसे नाही. तेथे 'बाय'ने सुरू होणारा शब्दसमूह हा वाक्याचा आगंतुक आहे. आला तर आला, न आला तर वाक्य पुरेच असते. म्हणून इंग्रजी वाचकाला तेथे पोकळी जाणवत नाही, आणि म्हणूनच कायद्याचा मसुदा करणाऱ्याला ते सोयीचे.

तथापि आपली भाषा तेवढ्याने निर्दोष ठरत नाही. आम्ही 'सरकारला'वरून 'रस्त्याला'वर कसे घसरलो, ते पाहावे. मराठीत ही चतुर्थी माणसाची असते, तशी कामाचीही असते : भाकरीला पीठ लागते, भिंतीला विटा लागतात. पाट तोच, पण त्यावर माणसाऐवजी वस्तू आणून बसविता येते. रस्त्याला जमीन लागते, धरणाला जमीन लागते, विकासाला जमीन लागते. आणि एकदा का पाट भरलेला दिसला, की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. शासकीय मराठीने याहूनही सोपी वाट काढली. तिने 'लागते' आणि 'हवी' हे शब्दच टाकून देऊन 'आवश्यक आहे' हे विशेषण घेतले. विशेषणापुढे पाट मांडावा लागत नाही. उंच असणे हा जसा डोंगराचा गुण, तसा आवश्यक असणे हा जमिनीचाच गुण होऊन बसतो.

शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत कर्मणी प्रयोगाचे प्रकार दिलेले असतात. त्यांतल्या एकाला 'नवीन कर्मणी' म्हणतात, आणि तो इंग्रजीच्या वळणाने मराठीत आला असे सांगतात : 'शेत गड्याकडून नांगरले गेले'. मराठीचा जुना कर्मणी याहून वेगळा. 'गड्याने शेत नांगरले' यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तरी गडी 'ने' लावून वाक्याच्या दारातच उभा असतो; त्याला ओलांडून आत जाता येत नाही. नव्या कर्मणीत तो 'कडून' होऊन मागच्या दाराशी जातो, आणि कचेऱ्यांच्या 'करण्यात येत आहे' या रूपात तर घराबाहेरच पडतो. सूचित करण्यात येते, आदेश देण्यात येतो, नाव कमी करण्यात येते. करणारा कोण, हे विचारायची सोयच राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग कर्मणी प्रयोग टाळावा, झाले. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरच्या निबंधात तसा सल्ला दिलाच आहे, आणि आम्ही तो अनेक वर्षे विद्यार्थ्यांना भक्तिभावाने सांगितला. गंमत अशी, की त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ऑर्वेलने स्वतः एक निनावी कर्मणी वापरला आहे. त्यात त्याची लबाडी नव्हती. कर्मणीशिवाय कोणाचेच चालत नाही. चोर ठाऊक नसताना 'दुचाकी चोरली गेली' असेच म्हणावे लागते. दोष क्रियारूपाचा नव्हे. कर्ता ठाऊक असताना, आणि त्याचे नाव घेतल्याने काही फरक पडत असताना, तो गाळला जातो तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८७ साली, इराण-काँट्रा प्रकरणानंतर, गंभीर चुका 'झाल्या' अशा अर्थाची कबुली दिली, तेव्हा ऐकणाऱ्यांना खटकले ते कर्मणी रूप नव्हे. खटकला तो रिकामा पाट.

'इज नीडेड' हे दोन शब्द तर केवळ सौजन्याखातर गाळलेल्या कर्त्याचे प्रकरण नाही. १८९४ च्याच कायद्याचे सहावे कलम सांगते, की जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी 'इज नीडेड' असे एकदा जाहीर झाले, की ते जाहीर होणे हाच त्या गरजेचा निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे वाक्य उच्चारले की ते खरे ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना उक्ती हीच कृती असणारी वाक्ये शिकविताना आम्ही आजवर लग्नातले मंत्र आणि न्यायाधीशाची शिक्षा ही उदाहरणे देत आलो. हे उदाहरण आमच्याच सातबाऱ्याला लागून होते. २०१३ च्या नव्या कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, सामाजिक परिणामांची छाननी आणली, खासगी कंपन्यांसाठी ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. मोबदल्याची रीतही बदलली. वाक्य मात्र पुष्कळसे तेच राहिले. 'नीडेड'च्या जागी 'रिक्वायर्ड' आले, आणि जाहीर होणे हाच पुरावा, हेही राहिले.

मावळाने या वाक्याची किंमत अनेकदा मोजली आहे. टाकव्याच्या पुढे ठोकरवाडीचे धरण १९२२ चे. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिवपुरीला उतरते आणि त्यावर वीज तयार होते. वीज कोणाला हवी होती? मुंबईला. शेजारच्या मुळशीत त्याच सुमारास, १९२१ च्या एप्रिलमध्ये, शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले आणि सेनापती बापटांनी त्यात पुन्हा पुन्हा कारावास भोगला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. गरज कोणाची हा तात्यांचाच प्रश्न तेथे मोठ्या आवाजात विचारला गेला होता. आणि अलीकडचे म्हणजे ९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आठवड्यात आम्ही वर्गात दोन वाक्ये फळ्यावर लिहिली : 'गोळीबार करण्यात आला' आणि 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या'. दोन्हींचा अर्थ एकच का, असे विचारले. पहिल्या बाकावरून या वेळी 'महत्त्वाचा नसेल तर गाळावा' हे उत्तर आले नाही. मावळातली दोन मुले त्या वर्गात होती. ती खाली मान घालून बसली होती.

पुन्हा २००७ कडे वळतो. नोटिशीवर तीस दिवसांच्या आत हरकत नोंदविता येत असे. १९२३ साली कायद्यात घातलेल्या पाच-अ कलमाने दिलेला हा हक्क होता. तात्यांची मागणी माफक होती. रस्ता वरच्या अंगाने, मुरमाड पड्याळीतून थोडा सरकला, तर खालचे खाचर वाचत होते. अर्ज लिहायचे काम आमच्याकडे आले. शनिवारी टाकव्याला जाऊन आम्ही ओटीवर अर्ज वाचून दाखविला : 'उपरोक्त संपादनास या अर्जाद्वारे हरकत घेण्यात येत आहे.' तात्यांनी हात वर करून आम्हांला थांबविले.

"हरकत कोन घेतंय?"

"तुम्ही."

"मंग माजं नाव घाल की. 'मी हरकत घेतो' आसं लिही. आरं, त्यांच्या कागदात मानूस न्हाई म्हनून आपन भांडतोय, आन् तू माज्याबी कागदातनं मानूस काडलास?"

त्या ओटीवर आम्हांला आलेली शरम अद्याप ओसरलेली नाही. कर्तरी-कर्मणी शिकविण्याचा पगार घेणारे आम्ही. आणि हाती लेखणी येताच आपल्याच चुलत्याला वाक्याबाहेर काढून मोकळे झालो होतो. अर्ज पुन्हा लिहिला. 'मी हरकत घेतो. हे खाचर माझ्या वडिलांनी बांधले. ते मी कसतो. ते मला हवे आहे.' चार वाक्ये, आणि प्रत्येकात तात्या. सुनावणीत त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. रस्ता सरकला नाही. सहा गुंठे गेले, मोबदला आला, आणि आज त्या रस्त्यावरून आमचीही गाडी टाकव्याला जाते. तो रस्ता आम्हांलाही हवा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'कुणाला?' या प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तरात आमचेही नाव येते.

हा लेख येथे संपविला असता तर आमची बाजू बरीच उजळ राहिली असती. पण अर्जाला जोडायला म्हणून त्या दिवशी तात्यांनी जुने फेरफार उतारे काढले, त्यांत एक १९९४ चा होता. नदीकडचा सव्वा एकर तुकडा आमच्या वडिलांच्या वाटणीचा. त्याविषयी आमच्या पुण्याच्या घरात एकच वाक्य बोलले जात असे : 'नदीकडची गेली.' आई तसे म्हणे, वडील तसे म्हणत, आम्हीही म्हणत असू. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला वाटे धरणात गेली, कोणाला वाटे कुळकायद्यात गेली. आम्ही कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. 'विकली गेली' या नव्या कर्मणीतून 'विकली' हा शब्द गळून जावा आणि नुसते 'गेली' उरावे, अशी ती घरगुती सोय होती. जसे काही जमीन एके दिवशी उठून आपल्या पायांनी निघून गेली!

फेरफाराची नोंद इतकी भिडस्त नव्हती. अमुक यांनी अमुक यांना खरेदीखताने अमुक रकमेस जमीन विकत दिली. 'ने'ही होता आणि 'ला'ही होता. घेणारे मुंबईचे गृहस्थ, कोकणात कोठे तरी सातबाऱ्यावर नाव असल्याने कायद्याने शेतकरी. देणारे आमचे वडील. आणि त्या खरेदीखतावर संमती देणार म्हणून आमची सही आहे, हे आम्हांला उतारा न पाहताही आठवत होते. त्या पैशांतून पुण्यातले घर झाले. ज्या खुर्चीत बसून हे लिहितो आहोत, ती खुर्ची त्या घरात आहे. जमीन कोणाला लागली नव्हती. पैसे आम्हांला लागले होते.

तात्यांनी तो उतारा पाहिला, घडी घातली आणि इतर कागदांखाली सरकविला. त्यांनी १९९४ सालीही आम्हांला काही विचारले नव्हते, आणि त्या दिवशीही विचारले नाही. सरकारी कागदाला त्यांनी ज्या निःसंकोचपणे 'कुनाला?' विचारले, तो निःसंकोचपणा घरच्या माणसांपुढे त्यांनी आवरला. त्या न विचारण्याचे ओझे आमच्यावर आहे.

तात्या २०१६ साली वारले. कर्तरीचे कर्मणी करा, हा प्रश्न आम्ही अजूनही वर्गात घालतो. अभ्यासक्रमात तो आहे. फक्त आता 'इज नीडेड'पाशी थांबतो आणि मुलांना गाळलेला शब्द वहीत लिहायला सांगतो. ती भराभर लिहितात : सरकार, कंपनी, महानगरपालिका, मुंबई. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, 'अस' लिहिलं तर चालेल का? बाय अस?"

आम्ही तिला सांगितले, की चालेल. आणि फळ्यावर मराठीत एक कर्तरी वाक्य लिहिले, जे घरात कोणी कधी उच्चारले नव्हते : '१९९४ साली आम्ही नदीकडची जमीन विकली.' मुलांना वाटले, पुढच्या स्वाध्यायातले आहे. त्यांनी ते उतरवून घेतले आणि त्याचे कर्मणी करायला सुरुवात केली.